नागपूर खंडपीठ: तारीख कशी मिळते, बोर्ड कसं वाचायचं, उभं कसं राहायचं

पुसदकर
नमस्कार मंडळी. पुसदला दिवाणी आणि महसुली कामं करतो. एका पक्षकाराची रिट याचिका मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात दाखल झाली आहे, सध्या स्टॅम्प नंबरवर (दाखल करताना मिळणारा तात्पुरता क्रमांक) आहे. मोठा वकील लावायची पक्षकाराची ऐपत नाही, म्हणजे युक्तिवाद मलाच करायचा. प्रकरण बोर्डावर (त्या दिवशीच्या सुनावण्यांच्या यादीवर) कसं आणायचं, नंबर कधी लागेल याचा अंदाज कसा बांधायचा आणि बेंचपुढे काय पाळायचं? 'माय लॉर्ड' म्हणायचं की नाही हेही सांगा. पुस्तकी नको, रोजच्या वापरातलं हवं.

बोर्डवाचक
स्टॅम्प नंबरवर आहे ना, मग तारखेचा विचार नंतर. आधी ऑफिस ऑब्जेक्शन्स, म्हणजे कार्यालयाने घेतलेल्या हरकती, दूर करा. ठरावीकच असतात: झेरॉक्स वाचता न येणं, अनुक्रमणिका आणि पानांचे आकडे न जुळणं, कोर्ट फी कमी पडणं, वकालतनाम्यावर एखाद्या याचिकाकर्त्याची सही राहणं. महसुली प्रकरणात हाताने लिहिलेले फेरफार आणि पंचनामे असतातच, त्यांच्या मागे टाईप केलेली प्रत लावा. हरकती तशाच पडून राहिल्या तर सशर्त आदेश होतो: इतक्या आठवड्यांत दूर करा, नाहीतर याचिका पुन्हा कोर्टापुढे न येता फेटाळली गेली असं समजा. हा आदेश वाचायचा राहिला की मुदत गुपचूप संपते. मग पुनर्स्थापनेचा अर्ज, त्यासोबत उशीर माफीचा अर्ज, आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला.

दुसरं, याचिका एकल न्यायमूर्तींपुढे जाणार की डिव्हिजन बेंचपुढे (दोन न्यायमूर्ती) हे आत्ताच बघा. मुंबई हायकोर्टाचे अपिलेट साईड रूल्स १९६०, प्रकरण १७, नियम १८. कोणकोणत्या कायद्यांखालच्या आदेशांना दिलेलं आव्हान एकल न्यायमूर्ती ऐकतात याची यादी तिथे आहे. चुकीच्या बेंचपुढे लागलं तर 'हे आमच्याकडचं नाही' एवढं एक वाक्य ऐकायला पुसद ते नागपूर यावं लागेल.

त्यानंतर सिटिंग लिस्ट. कोणत्या बेंचकडे कोणते विषय हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात आणि ती यादी बदलत राहते. मागच्या महिन्याची धरून प्रीसिपी (प्रकरण लावण्याची लेखी विनंती) देऊ नका.

धरमपेठी
बोर्डवाचक, सगळं बरोबर. सरकार प्रतिवादी असेल तर सरकारी वकिलांच्या कार्यालयात आगाऊ प्रत देऊन पोच घ्या, हेही जोडा. पोच नसली की 'मला प्रतच मिळालेली नाही' हे पहिलं वाक्य येतं आणि प्रकरण दोन आठवडे पुढे जातं. पोच असली तर निदान 'सूचना घेतो' म्हणावं लागतं. समोरच्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट ('मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज) लावलंय का तेही तपासा. ते ९० दिवस चालतं आणि तोवर त्याला कळवल्याशिवाय अंतरिम आदेश मागता येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, सरकारी वकील सूचना घेऊन राहिले म्हंजे आपली तारीख गेली, येवढं समजून घ्या 😄

सिव्हिल_लाईन्स
'सर्क्युलेशन' हा शब्द पुसदकरांना नवा असेल, म्हणून सांगतो. प्रकरण आपोआप बोर्डावर येण्याची वाट न बघता ते लवकर लावा अशी विनंती करणं म्हणजे सर्क्युलेशन घेणं. त्यासाठी प्रीसिपी द्यायची. एक पान पुरतं: प्रकरण क्रमांक, पक्षकार, मागचा आदेश असला तर त्याची तारीख, आणि घाई कशाची. 'तातडीची बाब आहे' हे कारण नव्हे. 'अपर आयुक्तांच्या आदेशानुसार अमुक तारखेला ताबा घेणार, नोटीस पान ६३ वर' हे कारण. घाईचा दिवस आणि त्याचा पुरावा कुठल्या पानावर, दोन्ही प्रीसिपीतच आले पाहिजेत.

मेन्शनिंग, म्हणजे बेंचपुढे उभं राहून तीच विनंती करणं, सकाळी बेंच बसल्या बसल्या होतं. एखादं बेंच तोंडी ऐकतं, एखादं फक्त लेखी प्रीसिपी घेतं. बोर्डाच्या वर किंवा खाली त्याची सूचना असते, सगळे ती सोडून थेट आपला नंबर बघतात. मेन्शन करताना गुणदोषांवर बोलायचं नाही. तीस सेकंदांचं काम: काय प्रकरण, कोणता दिवस जवळ आला, समोरच्या वकिलांना कळवलं आहे. संपलं.

इतवारी_१९
समोरच्याला कळवलं आहे हे खरंच कळवून म्हणा. व्हॉट्सॲपवर रात्री साडेअकराला टाकलेला संदेश म्हणजे कळवणं नाही.

तर्री_पोहा
माय लॉर्डचं कोणी सांगतंय का? मूळ प्रश्न तोच आहे.

दुसरे_अपील
मूळ प्रश्न तो नाही, पण सांगतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ साली नियमांत भर घातली. सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टात 'युअर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट', खालच्या कोर्टांत आणि न्यायाधिकरणांत 'सर' किंवा प्रादेशिक भाषेतला त्या अर्थाचा शब्द. 'माय लॉर्ड' वसाहतकाळाचा अवशेष आहे असं स्पष्टीकरणही तिथेच दिलंय. पुढे २०१४ मध्ये 'माय लॉर्ड'वर बंदी घाला म्हणून आलेली याचिका सुप्रीम कोर्टाने फेटाळली. संबोधन आदराचं असावं, अमुकच शब्द सक्तीचा नाही असा त्याचा रोख होता. व्यवहारात बार अजूनही 'माय लॉर्ड' म्हणतो. म्हणजे नियमाने एक, सवयीने दुसरं, आणि दोन्ही चालतं.

धरमपेठी
चालतं, पण एकच काहीतरी धरा. एका वाक्यात 'माय लॉर्ड', पुढच्यात 'सर', तिसऱ्यात 'मॅडम' असं झालं की ऐकणाऱ्याचं लक्ष मुद्द्यावरून उडतं. आणि प्रत्येक स्वल्पविरामाला 'माय लॉर्ड' नको. डिव्हिजन बेंचवर दोघांकडे बघून बोला. पुष्कळ नवे वकील फक्त ज्येष्ठ न्यायमूर्तींकडे बघत राहतात आणि प्रश्न येतो दुसऱ्या बाजूने.

गाऊनवाली
पोशाखाबद्दल कोणीच बोललं नाही. तालुक्यातून येणाऱ्यांची हमखास अडचण हीच: गाऊन. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे गाऊन इतरत्र ऐच्छिक आहे, सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टात सक्तीचा. उन्हाळ्यात काळा कोट न घालण्याची सवलतही या दोन ठिकाणी नाही. म्हणजे नागपूरच्या एप्रिलात कोट, बँड, गाऊन सगळं हवं. बँड पांढरा आणि कडक. वकील महिलांना साडी किंवा सलवार-कुर्ता चालतो, रंग पांढरा, काळा किंवा सौम्य. जीन्स कोणालाच नाही. गाऊन बाररूममधून मागून आणायचा तर पुकाऱ्याच्या वेळी नव्हे, सकाळीच.

वऱ्हाडी_ठेचा
मे महिन्यात सुट्टी देतात ते काऊन, आता कळलं.

गाऊनवाली
भाऊ, सुट्टीतही व्हेकेशन बेंच बसतं. तातडीची कामंच घेतात आणि तिथेही हाच पोशाख.

बोर्डवाचक
नंबर कधी लागेल यावर थोडं सविस्तर, कारण दिवस इथेच वाया जातात.

कोर्ट साडेदहाला बसतं, दीड ते अडीच जेवणाची सुट्टी, साडेचारला उठतं. बोर्ड आदल्या संध्याकाळी संकेतस्थळावर येतं. त्यानंतर सप्लिमेंटरी बोर्ड येऊ शकतं, म्हणून रात्री झोपण्याआधी एकदा आणि सकाळी निघताना एकदा बघायचं. वकिलाच्या नावाने शोधाल तर इंग्रजी स्पेलिंगच्या फरकाने हुकेल. प्रकरण क्रमांकाने शोधा, आणि नुकतंच रजिस्टर झालं असेल तर स्टॅम्प नंबरानेही.

अनुक्रमांक ४० म्हणजे वेळ किती, याचं उत्तर आकड्यात नाही, मथळ्यात आहे. सुरुवातीची 'आदेशासाठी' किंवा मुदत मागण्याची प्रकरणं मिनिटभरात सरकतात, वीस नंबर अर्ध्या तासात जातात. मग एखादं ॲडमिशन (याचिका सुनावणीला घ्यायची का, हे ठरवणारी पहिली सुनावणी) चिकटतं आणि डिस्प्ले बोर्डावर तोच आकडा तासभर राहतो. त्यामुळे आपल्या नंबराच्या आधी 'पार्ट-हर्ड' (अर्धवट ऐकलेलं) किंवा 'हाय ऑन बोर्ड' (बोर्डात वर ठेवलेलं) काही आहे का ते बघा. पार्ट-हर्ड असेल तर ते साडेदहालाही सुरू होऊ शकतं, अडीचलाही. असोसिएट किंवा शिरस्तेदारांना (त्या कोर्टातले कर्मचारी) सकाळी बेंच बसण्याआधी नम्रपणे विचारलं तर ते क्रम सांगतात. बेंच बसल्यावर त्यांच्याशी कुजबुजायचं नाही.

आणि दहा नंबर आधीच आत जाऊन बसा. मधले आठ वकील गैरहजर असले की नंबर धाडधाड येतो.

जयताळा_एक्सप्रेस
दोन कोर्टांत एकाच वेळी नंबर आला तर?

बोर्डवाचक
एका ठिकाणी कोणालातरी उभं करा आणि 'कीप बॅक' (प्रकरण थोड्या वेळाने घ्या) मागा. उभा राहणाऱ्याला मूळ वकील कोणत्या कोर्टात कोणत्या नंबरावर अडकलेत हे सांगता आलं पाहिजे. 'वकील साहेब येऊन राहिले' यावर कोणी थांबत नाही. समोरच्या वकिलांना आधी सांगितलेलं असेल तर तेही हरकत घेत नाहीत. दुसऱ्या पुकाऱ्यालाही नसाल तर गैरहजेरीत फेटाळणीची पाळी येते. फौजदारी अपिलाची गोष्ट वेगळी: बनी सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९६ साली सांगितलंय की दाखल करून घेतलेलं अपील केवळ वकील नाही म्हणून फेटाळता येत नाही, अभिलेख बघून गुणवत्तेवर निकाल द्यावा लागतो. पण त्या भरवशावर राहिलात तर आरोपीची बाजू तुमच्याशिवाय ऐकली जाते.

रिंगरोड
एवढ्या लांब यायचंच कशाला? बुलढाणा, गडचिरोलीच्या वकिलांनी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून युक्तिवाद करावा. सोय आहे, वापरा.

सिव्हिल_लाईन्स
मुदतीसाठी, पुढची तारीख घेण्यासाठी, आदेश ऐकण्यासाठी जरूर वापरा. पहिल्या ॲडमिशनला मी तरी प्रत्यक्षच या म्हणेन. कागद पुढे करावा लागतो, समोरचा ऐनवेळी काहीतरी देतो, न्यायमूर्ती एखादं पान उलटताना थांबतात ते पडद्यावर दिसत नाही.

रिंगरोड
असहमत. नेटवर्क चांगलं असेल आणि ई-फायलिंगची पीडीएफ नीट असेल तर काही अडत नाही. अडतं ते गाडीत बसून जोडणाऱ्यांमुळे. व्हीसीवरही कोर्टच आहे: कोट-बँड, मागे साधी भिंत, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर, नंबर येईपर्यंत माईक बंद, नावाच्या जागी बोर्डाचा अनुक्रमांक आणि आपलं नाव. 'रेडमी नोट' या नावाने जोडलेल्याला कोण ओळखणार? रेकॉर्डिंग करायचं नाही, स्क्रीनचा फोटोसुद्धा नाही.

दुसरे_अपील
पीडीएफचा विषय निघालाच आहे तर एक नेहमीचा घोळ. कागदी संचात पान ६३ म्हणजे खाली छापलेला आकडा. पीडीएफमध्ये मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका धरून तेच पान ६९वं येतं. बेंच टॅबलेटवर बघत असेल तर 'पान ६३' म्हटल्यावर भलतंच उघडतं. उपाय दोन: पीडीएफला बुकमार्क लावा आणि आपल्या टिपणात दोन्ही आकडे लिहा. 'पान ६३, पीडीएफ ६९' असं म्हणा आणि थांबा. पान उघडलं गेलं की मगच वाचा. हे थांबणंच जमत नाही बहुतेकांना.

पुसदकर
उपयोगी पडतंय, धन्यवाद. प्रत्यक्ष बोलायला किती वेळ मिळतो? तालुक्यात आम्ही हकिकतीपासून सुरू करतो.

धरमपेठी
हकिकतीपासून सुरू केलंत तर तिसऱ्या मिनिटाला 'आव्हान कशाला आहे?' असा प्रश्न येईल. ॲडमिशनला पाच-सात मिनिटं धरा. त्यातली पहिली दोन अशी: कोणत्या अधिकाऱ्याचा कोणत्या तारखेचा आदेश, कोणत्या पानावर, त्यात कायद्याची चूक एका वाक्यात, काय मागतो. हकिकत त्यानंतर, तीही विचारली तर. तारखांची यादी सिनॉप्सिसमध्ये (याचिकेच्या सारांशात) असतेच, ती वाचून दाखवू नका.

'किती वेळ लागेल?' असं विचारलं तर खरा आकडा सांगा. 'पाच मिनिटं' म्हणून चाळीस घेणाऱ्याला पुढच्या वेळी बोर्डाच्या शेवटी ठेवतात. अर्धा तास लागणार असेल तर अर्धा तास म्हणा, कोर्ट त्याप्रमाणे दुपारी किंवा वेगळ्या दिवशी घेतं.

प्रश्न आला की आधी हो किंवा नाही, मग कारण. 'त्यावर मी येतोच आहे' हे उत्तर नव्हे. माहीत नसेल तर सूचना घेऊन सांगतो म्हणा. अंदाजाने सांगितलेली गोष्ट आदेशात 'वकिलांनी निवेदन केलं' म्हणून उतरते.

सिव्हिल_लाईन्स
यात नागपूरकरांना ठाऊक असलेली एक गोष्ट जोडतो. ॲडमिशनच्या दिवशीच 'रूल, रिटर्नेबल फोर्थविथ, दोन्ही बाजूंच्या संमतीने अंतिम सुनावणी' असं होऊ शकतं. म्हणजे पाच मिनिटांची तयारी करून आलात आणि अंतिम युक्तिवाद गळ्यात पडला. संमती तुमची असते, तयारी नसेल तर सरळ सांगा. पण मुद्दा छोटा आणि कायद्याचा असेल, उदाहरणार्थ सुनावणीची संधीच दिली नाही, तर ही संमती पक्षकाराच्या फायद्याची. वर्षानुवर्षं अंतिम सुनावणीच्या रांगेत थांबावं लागत नाही. म्हणून ॲडमिशनला येतानाच पूर्ण तयारीने या.

एनएलजे_वाचक
निवाड्यांबद्दल. दोन-तीनच न्या. पूर्ण प्रत, परिच्छेदावर खूण, बेंचसाठी न्यायमूर्ती तितक्या प्रती आणि समोरच्यासाठी एक. फक्त हेडनोट (निवाड्याच्या वर छापलेला सारांश) वाचून दाखवू नका. एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर, निवाडे छापणारं नियतकालिक) नागपुरातूनच निघतं याचा आपल्याला अभिमान आहे, म्हणून काही हेडनोट बंधनकारक होत नाही. आपल्या खंडपीठाचा अलीकडचा निवाडा असेल तर न्यूट्रल सायटेशन (कोर्टाने स्वतः दिलेला निवाड्याचा क्रमांक) द्या, 'बीएचसी-एनएजी' असलेलं. डिव्हिजन बेंचचा असेल तर शेवटी 'डीबी' येतं. तो पुढे सुप्रीम कोर्टात फिरवला गेलाय का ते आदल्या रात्री तपासा. आपल्या विरोधात जाणारा त्याच ताकदीचा निवाडा माहीत असेल तर तोही स्वतःच पुढे ठेवा आणि वेगळेपण सांगा. समोरच्याने काढून दाखवला तर उरलेल्या मुद्द्यांवरचा विश्वासही जातो.

तर्री_पोहा
अवांतर: आपल्या हायकोर्टाची १९४० सालची घुमटाची इमारत बांधणारा हेन्री मेड आणि दिल्लीतलं राष्ट्रपती भवनाजवळचं कॅथेड्रल बांधणारा मेड एकच. नंबराची वाट बघताना वर बघत जा.

इतवारी_१९
वर बघताना मोबाईल वाजू देऊ नका. सायलेंट नाही, बंद.

गाऊनवाली
आत वागण्याचं थोडक्यात. आत येताना आणि बाहेर जाताना बेंचकडे मान लववा. बोलणारा वकील आणि बेंच यांच्या मधून जाऊ नका, मागून वळसा घाला. समोरचे बोलत असतील तेव्हा बसा. दोघं एकदम उभे राहिले की दोघांचंही ऐकलं जात नाही. समोरच्या वकिलांशी थेट वाद नाही, जे काय ते बेंचला उद्देशून, आणि त्यांचा उल्लेख 'माझे विद्वान मित्र' असा. मनात काहीही असो. आपलं काम संपलं आणि खोलीत दुसरा वकीलच उरला नसेल तर बेंच उठेपर्यंत किंवा दुसरं कोणी येईपर्यंत थांबायची रीत आहे. पक्षकाराला मागच्या खुर्चीवर बसवा आणि आधीच बजावा: मान हलवायची नाही, मध्ये बोलायचं नाही. ओळखपत्र सोबत असू द्या, फाटकावर लागतं.

न_वकील
मी पक्षकार आहे. स्वतःच उभं राहिलो तर? आणि मराठीत बोललं तर चालेल का?

दुसरे_अपील
स्वतः उभं राहता येतं, पण आपल्या हायकोर्टात त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. अधिकाऱ्यांची समिती कागद बघते, तुमच्याशी बोलते आणि कोर्टाला मदत करता येईल असं वाटलं तर प्रमाणपत्र देते. भाषेचं म्हणाल तर अनुच्छेद ३४८ प्रमाणे कामकाज इंग्रजीत चालतं. मराठी कागदांचं भाषांतर जोडून ठेवा. एखादं वाक्य मराठीत सांगितल्याने आभाळ कोसळत नाही, पण अख्खा युक्तिवाद मराठीत करण्याचा हक्क धरून चालू नका. वकील परवडत नसेल तर हायकोर्ट विधी सेवा उपसमितीचं कार्यालय नागपुरातच आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

पुसदकर
शेवटचं. अंतरिम स्थगिती मिळाली आणि पुढच्या तारखेला नंबरच आला नाही तर?

बोर्डवाचक
हा खरा प्रश्न. आदेशाचे शब्द बघा. 'पुढील आदेशापर्यंत' असेल तर काळजी नाही. 'पुढील तारखेपर्यंत' असेल आणि त्या दिवशी प्रकरण पोहोचलं नाही, तर स्थगिती संपली असं म्हणत तलाठी ट्रॅक्टर घेऊन बांधावर उभा राहू शकतो. म्हणून दुपारी चारच्या सुमारास नंबर येणार नाही असं दिसलं की मेन्शन करून अंतरिम आदेश पुढे चालू ठेवून घ्या. बोर्ड आटोपताना उरलेल्या प्रकरणांना तारखा पडतात, तेव्हा गाडी पकडायला निघून जाऊ नका. त्या दिवशी बेंचच बसलं नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीसिपी.

सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप उठते असं अजूनही काही तहसील कार्यालयांत सांगतात. ते एशियन रिसर्फेसिंगच्या २०१८च्या निवाड्यावरून. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ते रद्द ठरवलंय. त्या निवाड्याची प्रत पक्षकाराच्या खिशात ठेवा.

धरमपेठी
आणि आदेश उघड कोर्टात सांगितला जात असताना उभे राहून लिहून घ्या. तारीख, गट नंबर चुकला असं वाटलं तर श्रुतलेखन थांबल्यावर सांगा, मध्ये नाही. संकेतस्थळावर आल्यावर टंकाची चूक सापडली तर 'स्पीकिंग टू द मिनिट्स'साठी लावून घ्या. पुनर्विलोकन अर्ज नको. गट नंबरातला एक आकडा चुकला तरी तलाठी तो आदेश तुमच्या शेताला लागू नाही म्हणतो.

वऱ्हाडी_ठेचा
तलाठी साहेब धागा वाचत असतील तर नमस्कार 🙏

पुसदकर
हरकती काढून आल्या, आता रजिस्टर नंबर पडेल. गाऊन शिवायला टाकला. प्रीसिपीचा मसुदा उद्या इथेच डकवतो, नावं काढून. कोणीतरी नजर घाला.

सिव्हिल_लाईन्स
डकवा. ताबा घेण्याची तारीख पहिल्या तीन ओळींत आली पाहिजे, नाहीतर परत पाठवीन.